‘खंत आणि कणव’ : एका माहितीपटावरचे आक्षेप

मार्सेल ओफ्यूल्स यांचा ‘ल शाग्रँ ए ला पित्ये’ हा माहितीपट दाखवायला फ्रान्सच्या सरकारी दूरचित्रवाणीने नकार दिला आणि तो नकार दहा वर्षांहून अधिक टिकला, एवढी गोष्ट जागतिक चित्रपटाच्या बहुतेक इतिहासांत सापडते. त्यापुढे ठरलेले वाक्य येते : सत्य झोंबले, म्हणून सत्ताधाऱ्यांनी ते दडपले. हे वाक्य खोटे नाही. पण त्यामुळे या माहितीपटाला विरोध करणारी सगळी माणसे एकाच गाठोड्यात बांधली जातात. त्या गाठोड्यात नोकरशहा आहेत, जुने पेतँवादी आहेत, तशीच आउशविट्झहून जिवंत परतलेली एक स्त्री आहे आणि राव्हेन्सब्रुकहून परतलेली दुसरी. या दोघींना दडपण्यासारखे काही नव्हते. तरीही त्यांनी आक्षेप घेतला. तो नेमका काय होता आणि तो कितपत टिकतो, हे तपासून पाहावे असे मला बरीच वर्षे वाटत होते. मे २०२५मध्ये ओफ्यूल्स वयाच्या ९७व्या वर्षी गेले. त्यानंतर आलेल्या मृत्युलेखांतही तेच गाठोडे पुन्हा दिसले, म्हणून हे टिपण.

आधी शीर्षकाबद्दल. इंग्रजीत ते ‘द सॉरो अँड द पिटी’ झाले. ‘शाग्रँ’ या फ्रेंच शब्दात दुःखाबरोबर मनाला लागून राहिलेली बोचही असते. मी मराठीत ‘खंत आणि कणव’ म्हणतो. हे शब्द माहितीपटातल्या एका औषधविक्रेत्याचे आहेत. त्या चार वर्षांत तुम्हाला सर्वांत जास्त काय जाणवले, असा विषय निघतो तेव्हा तो मुलाबाळांत बसून या दोन भावनांची नावे घेतो. शौर्याचे नाव घेत नाही, द्वेषाचेही नाही. शीर्षक म्हणून याच माणसाचे शब्द निवडण्यात ओफ्यूल्स यांचा कल कळतो.

माहितीपट १९६९चा. लांबी चार तासांहून थोडी जास्त, दोन भाग : ‘पडझड’ आणि ‘निवड’. विषय एकाच गावाचा, मिशलँ टायरच्या कारखान्यामुळे प्रसिद्ध असलेल्या क्लेर्माँ-फेराँचा. १९४०च्या जूनमध्ये फ्रान्स जर्मनीपुढे कोसळला आणि म्हाताऱ्या मार्शल पेतँ यांचे सरकार व्हिशी या पाण्याच्या झऱ्यांच्या गावी बसले. क्लेर्माँ तिथून फार लांब नाही. या गावात आणि आसपास १९४० ते ४४ या काळात कोण काय करत होते, हे ओफ्यूल्स पंचवीस-तीस वर्षांनी त्याच माणसांना जाऊन विचारतात. मध्ये मध्ये त्या काळच्या वार्तापटांचे तुकडे येतात. सूत्रसंचालकाचे निवेदन अगदी थोडे. ओफ्यूल्स स्वतः जर्मन ज्यू कुटुंबातले, विख्यात दिग्दर्शक माक्स ओफ्यूल्स यांचे चिरंजीव. हिटलर सत्तेवर आल्यावर हे कुटुंब फ्रान्सला आले आणि १९४१मध्ये तिथूनही पळून अमेरिकेला गेले. प्रश्न विचारणारा माणूस तटस्थ नव्हता आणि तसा तो कधी आवही आणत नाही.

निर्माते आंद्रे हारिस आणि अलँ द सेदूई हे आधी सरकारी दूरचित्रवाणीतच होते. १९६८च्या मे महिन्यातल्या संपानंतर ते बाहेर पडले. पैसा पश्चिम जर्मनीच्या आणि स्वित्झर्लंडच्या दूरचित्रवाणीकडून आला. म्हणजे फ्रान्सच्या शरणागतीची ही कहाणी आधी जर्मन घरांतून पाहिली गेली! फ्रान्समध्ये ओआरटीएफ या सरकारी संस्थेने ती विकतच घेतली नाही. बंदीचा हुकूम कुठे निघाला नाही, कोर्टकचेरी झाली नाही. नुसते घेतले नाही. ओफ्यूल्स यांनी याला आळसातून केलेल्या सेन्सॉरशिपसारखे काहीतरी मानले, आणि आपल्याकडच्या माहितीपटकारांनाही हा प्रकार नवा नाही. आनंद पटवर्धन यांच्या ‘राम के नाम’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळूनही तो दूरदर्शनवर येण्यासाठी न्यायालयात जावे लागले होते. फ्रान्समध्ये ती वाट कोणी धरली नाही. शेवटी एप्रिल १९७१मध्ये पॅरिसच्या विद्यार्थी वस्तीतल्या सँ-सेव्हरँ नावाच्या छोट्या चित्रपटगृहात तो लागला. दुसऱ्या गृहांत हलत हलत तो वर्षाहून जास्त काळ चालला.

सरकारी बाजूचा आक्षेप सर्वांत सरळ शब्दांत ओआरटीएफचे तेव्हाचे प्रमुख झाँ-झाक द ब्रेसाँ यांनी सिनेटच्या समितीपुढे मांडला. त्याचा आशय असा, की फ्रेंच लोकांना अजून ज्या मिथकांची गरज आहे ती मिथके हा चित्रपट मोडतो. ही कबुली मला आजही थक्क करते. मिथक हे मिथक आहे हे साहेबांना माहीत आहे. प्रश्न फक्त त्याच्या गरजेचा आहे. कोणते मिथक? २५ ऑगस्ट १९४४ला पॅरिसच्या नगरभवनातून द गोल यांनी जे सांगितले ते : पॅरिस स्वतःच स्वतःला मुक्त करून उभे राहिले, साऱ्या फ्रान्सच्या मदतीने. मूठभर गद्दार सोडले तर सारा देश मनाने प्रतिकारात होता, असे त्यावरून पाठ्यपुस्तकांत उतरले. यात राष्ट्र पुन्हा उभे करण्याची सोय होती हे नाकारण्यात अर्थ नाही. आपल्याकडे बेचाळीसचे भूमिगत किती होते आणि पुढे स्वातंत्र्यसैनिकाच्या पेन्शनसाठी अर्ज केलेले किती, हा हिशेब ज्यांना ठाऊक आहे, बीडचे बोगस स्वातंत्र्यसैनिकांचे प्रकरण ज्यांनी वर्तमानपत्रांतून वाचले आहे, त्यांना हे समजायला जड जाऊ नये.

माहितीपट या मिथकाला हात घालतो तो आकडेवारीने नव्हे. क्लेर्माँचा एक दुकानदार आहे. त्याने त्या काळात स्थानिक वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की आपण ज्यू नाही. आडनाव तसे वाटे, गिऱ्हाईक तुटण्याची आणि त्याहून वाईट काही होण्याची भीती. ओफ्यूल्स शांतपणे ती जाहिरात काढून विचारतात. दुकानदार गडबडत नाही, कारण सांगतो. दोन शाळाशिक्षक आहेत. व्हिशीच्या कायद्याने शाळेतल्या ज्यू सहकाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या, तेव्हा तुम्ही काय केलेत? त्यांना नीटसे आठवत नाही. आणि काय करता आले असते? एक माजी जर्मन कॅप्टन आहे, मुलीच्या लग्नात छातीवर पदके लावून, सिगार ओढत बोलणारा. फ्रेंच घराण्यातला क्रिस्तियाँ द ला माझिएर आहे. तो स्वखुशीने वाफेन-एसएसमध्ये भरती झाला होता आणि आता झिगमारिंगेनच्या किल्ल्यात उभा राहून, पुष्कळ प्रामाणिकपणे, आपण तसे का झालो ते सांगतो. शेवटच्या टप्प्यात व्हेल द’इव्हची धरपकड येते. जुलै १९४२, पॅरिस. दोन दिवसांत तेरा हजारांच्या आसपास ज्यू धरले गेले, त्यांत चार हजारांवर मुले. आणि धरणारे पोलीस फ्रेंच.

सँ-सेव्हरँमधल्या तरुण प्रेक्षकांना यात आपल्या आईबापांचे बिंग फुटल्याचा आनंद झाला. तीन वर्षांपूर्वी रस्त्यावर उतरलेली ही पिढी. द गोल यांचे निधन होऊन जेमतेम पाच महिने झाले होते. पुढच्याच वर्षी रॉबर्ट पॅक्स्टन या अमेरिकन इतिहासकाराचे व्हिशीवरचे पुस्तक आले. सहकार्याची मागणी जर्मनांपेक्षा व्हिशीकडूनच अधिक होती, असे त्याने जर्मन दफ्तरांतून दाखवले. त्यामुळे माहितीपटाला इतिहासाचेही पाठबळ मिळाले. अमेरिकेत त्याला ऑस्करचे नामांकन मिळाले, समीक्षक पॉलीन केल यांनी त्याला डोक्यावर घेतले. वुडी ॲलन यांच्या ‘ॲनी हॉल’मध्ये तर नायक प्रेयसीला हाच चित्रपट दाखवायला नेतो, हा विनोद झाला. हसू येते ते याच गोष्टीचे, की चार तासांचा हा माहितीपट पाहणे एव्हाना सुशिक्षितांचे व्रत झाले होते.

आता सिमोन व्हेल. सोळाव्या वर्षी नीस शहरातून पकडून आउशविट्झला पाठवलेली मुलगी. आई, वडील, भाऊ परतले नाहीत. पुढे न्यायखात्यात, पुढे आरोग्यमंत्री, गर्भपाताच्या कायद्यासाठी साऱ्या जगाला माहीत. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्या ओआरटीएफच्या संचालक मंडळावर होत्या आणि हा माहितीपट विकत घेण्याला त्यांनी ठाम विरोध केला. उत्तरायुष्यातल्या आत्मचरित्रातही त्यांनी ही भूमिका सोडली नाही. त्यांचे म्हणणे असे, की सगळे फ्रेंच सारखेच नालायक होते असे दाखवले, की खऱ्या गुन्हेगारांना मोकळीक मिळते. तरुणांना बरे वाटते, बापांनाही फारसे वाईट वाटत नाही, कारण सगळेच तसे होते. शिवाय ज्यांनी ज्यू मुले लपवली, ज्या शेतकऱ्यांनी, जोगिणींनी, शिक्षिकांनी काही न बोलता दार उघडले, त्यांच्यावर हा अन्याय आहे. फ्रान्समधल्या ज्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश वाचले. ते व्हिशीच्या कृपेने वाचले नाहीत, हे व्हेल यांना कोणाकडून शिकायचे नव्हते. मग कोणामुळे वाचले?

जेर्मेन तियाँ यांचा आक्षेप १९७१मध्येच आला. त्या मानववंशशास्त्रज्ञ. पॅरिसच्या मानव संग्रहालयाभोवती उभ्या राहिलेल्या अगदी पहिल्या भूमिगत गटातल्या; पकडल्या गेल्या, राव्हेन्सब्रुकला पाठवल्या गेल्या. माहितीपटातली एकेक माणसे खरी आहेत हे त्यांना मान्य होते. पण ती सगळी एकत्र करून देशाचा जो चेहरा तयार होतो तो कुरूप आहे आणि तो मूळ चेहऱ्याशी जुळत नाही, असे त्यांचे म्हणणे. हे वाक्य समीक्षेच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. तुकडे खरे, जोडणी खोटी. माहितीपटावर यापेक्षा गंभीर आरोप करता येत नाही, कारण माहितीपट म्हणजे जोडणीच.

आरोपात तथ्य आहे का? एका जागी निश्चित आहे. युद्ध सुरू झाल्यावर स्ट्रासबूर्गचे विद्यापीठ क्लेर्माँला हलवले होते. जर्मनीने अल्सास गिळंकृत केल्यावरही ते परत गेले नाही, आणि प्राध्यापक-विद्यार्थ्यांत भूमिगत काम चाले. २५ नोव्हेंबर १९४३ला जर्मनांनी विद्यापीठाला वेढा घातला, शेकडो लोकांना धरले, शंभराहून अधिकांची रवानगी छावण्यांत केली. एका गावाची बखर म्हणवणाऱ्या चार तासांत या घटनेला तिच्या वजनाची जागा नाही. दोन विसराळू शिक्षकांना मात्र आहे. ओव्हेर्न्यच्या डोंगरांत लढलेल्यांचे प्रमुख ‘कर्नल गास्पार’ पडद्यावर येतात खरे, पण पाहणाऱ्याच्या लक्षात दुकानदाराची जाहिरात राहते.

हार्वर्डचे स्टॅन्ली हॉफमन यांनी संहितेच्या इंग्रजी आवृत्तीला लिहिलेली प्रस्तावना मला या सगळ्या वादातले सर्वांत समतोल लेखन वाटते. हॉफमन स्वतः लहानपणी, ज्यू आईबरोबर, दक्षिण फ्रान्समध्ये लपून वाचलेले. ते माहितीपटाचे मोठेपण मानतात आणि मग उणिवा मोजतात : द गोल जवळजवळ गायब आहेत, कामगार-शेतकरी प्रतिकारात आणि मध्यमवर्ग कच खाणारा, अशी वर्गांची वाटणी फार सोयीची आहे, प्रतिकाराची रोजची, कंटाळवाणी, जीवघेणी यंत्रणा दिसत नाही. म्हणजे तियाँ यांचेच मुद्दे, पण त्यावरून माहितीपट नाकारावा असे ते म्हणत नाहीत.

ही छापील संहिता मला फोर्टातल्या फुटपाथवर मिळाली होती, चित्रपट पाहायला मिळण्याच्या कितीतरी आधी. मला फ्रेंच येत नाही. माझा सगळा अभ्यास इंग्रजीच्या खिडकीतून झालेला. पण या उलट्या क्रमाचा एक फायदा झाला. कागदावर त्या जर्मन कॅप्टनचे बोलणे वाचले तर तो एक साधा, थोडा आडमुठा म्हातारा सैनिक वाटतो. पडद्यावर त्याची पदके, सिगार, लग्नातली मंडळी, आणि प्रश्न ऐकताना बायकोचा चेहरा दिसतो, नि तेच शब्द असह्य होतात. उलट दोन शेतकरी भाऊ आहेत. त्यांतल्या एकाला कोणीतरी चुगली करून पकडून दिले आणि तो बुखेनवाल्डहून परतला. चुगली कोणी केली हे त्याला माहीत आहे. त्याने सूड घेतलेला नाही. कागदावर हे उदात्त वाटते. पडद्यावर तो स्वयंपाकघराच्या टेबलाशी, दारूचा ग्लास पुढे घेऊन हे सांगतो तेव्हा उदात्त काही उरत नाही. शेजारी अजून शेजारीच आहे एवढे कळते. म्हणजे ओफ्यूल्स जोडणीने फसवतात हा आरोप अर्धाच खरा. ते जोडणीने कुणाला उघडे पाडतात, तर कुणाला जोडणीवाचून, नुसता वेळ देऊन, उभे करतात. व्हेल आणि तियाँ यांनी पहिला भाग पाहिला, दुसऱ्याला पुरेसे मोल दिले नाही, असे माझे मत आहे.

आणखी एक. माहितीपटात पिएर माँदेस-फ्रान्स आहेत, पुढचे पंतप्रधान. व्हिशीने त्यांच्यावर याच क्लेर्माँमध्ये पळपुटेपणाचा खोटा खटला चालवला, तुरुंगात टाकले. तिथून ते भिंत चढून पळाले. भिंतीवर बसलेले असताना खाली झाडाशी एक जोडपे प्रेमात गुंतलेले. पुरुष आग्रह करतोय, बाई तयार होत नाही, आणि माँदेस-फ्रान्स वर ताटकळत आहेत. शेवटी ती हो म्हणाली, तेव्हा तिच्यापेक्षा आपल्यालाच जास्त आनंद झाला, अशा आशयाचे ते हसत सांगतात. मग त्याच शांत आवाजात ते ज्यूद्वेषाबद्दल बोलतात. आणि अँथनी ईडन आहेत, ब्रिटनचे युद्धकाळातले परराष्ट्रमंत्री. फ्रेंचमधून, अदबीने, ते म्हणतात की ज्याने परकीय सत्तेखाली राहून पाहिलेले नाही त्याने त्या लोकांचा न्याय करू नये. हे वाक्य माहितीपटातच आहे. ओफ्यूल्स यांनी ते कापले नाही. ‘सगळे फ्रेंच नालायक’ असे ज्याला म्हणायचे असते तो हे वाक्य ठेवत नाही.

मग तो तसे म्हणतो असे साऱ्यांना का वाटले? इथे पिएर लाबोरी या इतिहासकाराचे २०११चे पुस्तक उपयोगी पडते. शीर्षकातच त्यांनी कोटी केली आहे : ‘खंत आणि विष’. लाबोरी यांचे म्हणणे, की या माहितीपटाच्या नावावर सत्तरनंतर एक नवे सर्वमान्य मत तयार झाले. आधी ‘सगळे शूर’ होते, आता ‘सगळे वाट पाहणारे, संधिसाधू’ झाले. दोन्हींना सामान्य माणसाची दुविधा, त्याचे मूक असहकार्य, आज हे नि उद्या ते असे वागणे दिसत नाही. लाबोरी काही ठिकाणी माहितीपटावर अन्याय करतात. परंतु नवे मत हे माहितीपट पाहून कमी आणि त्याच्याबद्दल ऐकून जास्त पसरले, हे त्यांच्या मांडणीतून निघते, आणि ते पटते. दहा वर्षे दूरचित्रवाणीवर न आल्याने देशातल्या बहुसंख्यांनी तो पाहिलाच नव्हता. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी चार तासांचे एक वाक्य झाले. म्हणजे ज्या सरसकटपणाला व्हेल भीत होत्या, त्याला बळ देण्यात प्रसारण अडवण्याचाही वाटा होता. त्यांचा आक्षेप मला आदरणीय वाटतो. त्यावर त्यांनी शोधलेला उपाय नाही. तो पडद्यावर दाखवून, मग तियाँ, हॉफमन आणि त्या स्वतः अशांना समोर बसवून बोलते करता आले असते. प्रत्यक्षात मितराँ निवडून आल्यावर, ऑक्टोबर १९८१मध्ये, तो दोन रात्रींत दाखवला गेला. कोट्यवधी लोकांनी पाहिला. देश कोसळला नाही. व्हिशीच्या गुन्ह्यांत फ्रेंच राज्याचा हात होता हे राष्ट्राध्यक्षांच्या तोंडून ऐकायला मात्र १९९५पर्यंत, शिराक येईपर्यंत, थांबावे लागले.

(‘राष्ट्राची बदनामी’ हा आक्षेप आपल्याही ओळखीचा. फ्रेंच दिग्दर्शक लुई माल यांची भारतावरची माहितीपट-मालिका बीबीसीने दाखवली म्हणून १९७०मध्ये आपल्या सरकारने बीबीसीला दिल्लीतून घालवले. त्याच माल यांनी चार वर्षांनी ‘लाकोम्ब ल्युसियाँ’ काढला, गेस्टापोत सामील होणाऱ्या खेड्यातल्या पोराचा, आणि मायदेशातही तेच ऐकून घेतले.)

या साऱ्या वादात बराच काळ बाजूला राहिलेली एक गोष्ट आहे. माहितीपटात सविस्तर मुलाखत घेतलेली बाई एकच : केस कापण्याचा व्यवसाय करणारी, पेतँची भक्त, चुगलीच्या आरोपाखाली शिक्षा भोगलेली. तिच्या तोंडावर कॅमेरा बराच वेळ थांबतो, हातांवर जातो. बाकी बायका नवऱ्याच्या शेजारी बसतात, वाइन आणून ठेवतात, नाहीतर मुक्तीनंतरच्या वार्तापटांत मुंडन केलेल्या डोक्यांनी गर्दीतून नेल्या जातात. सायकलवरून निरोप नेणाऱ्या, घरात माणसे लपवणाऱ्या, छापखाने चालवणाऱ्या स्त्रियांपैकी कोणी चार तासांत समोर बसून बोलत नाही. औषधविक्रेत्याला खंत विचारली, शेतकऱ्याला विचारली, एसएसमध्ये गेलेल्या उमरावालाही विचारली. आणि माहितीपटावर सर्वांत टोकदार आक्षेप घेणाऱ्या दोघी, छावणीतून परतलेल्या, स्त्रियाच होत्या. त्यांनी हा मुद्दा स्वतःसाठी मांडला नाही. देशाचा चेहरा जुळत नाही एवढेच म्हटले. तियाँ ‘जुळत नाही’ म्हणतात तेव्हा कोणते चेहरे गाळले गेले, हे पाहायला समीक्षेला आणखी बरीच वर्षे लागली.